धनुष्य उचलण्यापूर्वी

(मंडळाच्या वर्धापनदिनाच्या समारंभात केलेले भाषण)



दर वर्षी या दिवशी कुणी भरतकामावर बोलते, कुणी लोणच्यापापडांवर, कुणी एखाद्या संतावर. यंदा चिटणीसबाईंनी मला विषय दिला तो धनुर्विद्येसाठी शरीर कसे तयार करावे हा. फळ्यावर विषय वाचून काही जणी हसल्या, ते मी पाहिले. हसायला हरकत नाही. पोळ्या लाटणाऱ्या बाईचा आणि धनुष्याचा काय संबंध, असे कुणालाही वाटेल. संबंध एवढाच की माझ्या धाकट्या बहिणीची मुलगी तीन वर्षांपासून अकोल्याहून येऊन आमच्या घरी राहते आणि येथे अमरावतीत धनुर्विद्या शिकते. तिची पहाटेची घंटा मी ऐकते, तिचे ताट मी वाढते, आणि तिच्याबरोबर अंगणात अर्धा तास घामही गाळते. मी पुस्तके वाचून बोलणारी नव्हे. पाहिले, केले आणि विचारून घेतले, तेवढेच सांगते.

पूर्वी धनुष्य हे पोट भरण्याचे आणि गाव राखण्याचे साधन होते. आता आपल्या देशात शिकार कायद्याने बंद आहे. वन्यजीव संरक्षणाचा कायदा १९७२ साली झाला आणि आपले मेळघाट तर देशातल्या पहिल्या नऊ व्याघ्रप्रकल्पांपैकी एक. ते योग्यच झाले. अमेरिकेत मात्र अजूनही शरद ऋतूत धनुष्याने हरिणाच्या शिकारीचा परवान्याचा हंगाम असतो. तेथले जाणते शिकारी हंगामाच्या चार-चार महिने आधीपासून पाठीवर ओझे घेऊन टेकड्या चढतात, दंड-खांदे कमावतात, मग रानात पाय ठेवतात. आपल्या पोरींना हरीण मारायचे नाही. त्यांचे हरीण म्हणजे गवताच्या पाटीवर लावलेला रंगीत कागद. पण नियम दोघांनाही एकच: हंगाम सुरू झाल्यावर तयारी होत नाही.

आपल्याकडे ही गोष्ट जुनीच आहे. पांडवांनी अज्ञातवासात जाताना शस्त्रे शमीच्या झाडावर ठेवली, हे आपण दर दसऱ्याला मुलांना सांगतो. अर्जुन वर्षभर बृहन्नडा होऊन राजकन्येला नाच शिकवीत होता. मला नेहमी वाटते, वर्षभर धनुष्याला हात न लावता तो पहिल्याच दिवशी लढला, कारण नाचाने त्याचे पाय, कंबर आणि श्वास तयार राहिले होते. ही माझी आपली समजूत. पंडितांनी रागावू नये.

आता हिशेब पाहा. आपल्याला हिशेबाने गोष्ट लवकर पटते. ऑलिंपिकमध्ये लक्ष्य ७० मीटरवर असते. कागद १२२ सेंटिमीटरचा, पण दहा गुणांचे मधले वर्तुळ अवघे १२.२ सेंटिमीटरचे, म्हणजे आपल्या चहाच्या बशीएवढे. मोठ्या स्पर्धांतल्या मुलींचे धनुष्य साधारण ४० पौंडांचे असते. म्हणजे एक बाण सोडायचा तर १८ किलोंची ओढ बोटांवर आणि पाठीवर घ्यायची. पहिल्या फेरीत बाण ७२. अठरा गुणिले बहात्तर करा: १,२९६ किलो, म्हणजे जवळपास १३ क्विंटल. आपल्या घरचे पुरुष कापसाची गाडी भरतात तेव्हा १३ क्विंटल म्हणजे काय, ते सर्वांना ठाऊक आहे. आणि हे १३ क्विंटल नुसते ओढून भागत नाही. ओढून, थांबून, श्वास धरून, हात न थरथरता सोडायचे. दर सहा बाणांनी लक्ष्यापर्यंत चालत जाऊन बाण काढून आणायचे. तेवढेच चालणे दीड किलोमीटरच्या वर होते, तेही उन्हात. पुढे समोरासमोर सामना लागला की एका बाणाला २० सेकंद मिळतात. वीस सेकंदांत आपल्याला सुईत दोरा ओवता येत नाही.

म्हणूनच पहिले दहा बाण कुणीही बरे मारते. पोरीची परीक्षा साठाव्या बाणाला होते. तेथे डोळा कमी पडत नाही, अंग कमी पडते. खांदा दमला की धनुष्याचा हात खाली येतो. मांड्या दमल्या की उभे राहणे डुगडुगते. धाप लागली की छाती हलते, आणि छाती हलली की बाण हलतो.

भाची आली तेव्हा मला वाटे, दोरी दंडाने ओढतात. तिच्या प्रशिक्षकांनी समजावून सांगितले की दंडाने ओढणारा लवकर दमतो आणि दुखणे ओढवून घेतो. दोरी ओढायची पाठीने. पाठीवर दोन्ही बाजूंना पंखांसारखी हाडे आहेत, ती मणक्याकडे जवळ आणली की कोपर आपोआप मागे जाते. आपण दोन्ही खांदे मागे घेऊन छाती उघडतो, तसे. भगिनींनो, आत्ताच बसल्या जागी करून पाहा. किती जणींच्या पाठीत कटकट वाजले?

येथेच मला आपल्या सर्वांबद्दल एक सांगायचे आहे. आपण म्हणतो, घरचे काम हाच बाईचा व्यायाम. मी याचा पुष्कळ विचार केला. कष्ट आणि व्यायाम एक नव्हे. लाटणे, धुणे, झाडणे, निंदणे, कापूस वेचणे, ही सगळी कामे पुढे वाकून होतात. छाती मिटत जाते, मान पुढे येते, पाठीचे बळ वापरलेच जात नाही. कामाला विसावा ठरलेला नसतो, कामानंतर ताट वाढून कुणी देत नाही. व्यायामात अंगाची दोन्ही अंगे सारखी फिरतात, ओझे हळूहळू वाढते, मध्ये विसावा असतो आणि नंतर खायला असते. कामाने अंग झिजते, व्यायामाने घडते. फरक आहे तो विसाव्याचा आणि ताटाचा.

आता तयारीचा क्रम सांगते. आमच्या घरी तो मृगापासून दसऱ्यापर्यंत चालतो, कारण मोठ्या स्पर्धा दसऱ्याच्या पुढे येतात. वऱ्हाडातला उन्हाळा तुम्हांला सांगायला नको. अकोल्याचा पारा ४५ अंशांच्या पुढे जातो. त्या दिवसांत सूर्य वर येण्याआधी जेवढे होईल तेवढेच. खरी पेरणी पावसाबरोबर.

पहिला महिना धनुष्य खुंटीवर. रोज अर्धा तास भरभर चालणे, बारा सूर्यनमस्कार, बैठका, दोरीच्या उड्या. जोर जमत नसतील तर आधी भिंतीला हात टेकून काढावेत, मग ओट्याला, मग जमिनीवर. कोपरे आणि पायाची बोटे टेकून सगळे अंग फळीसारखे सरळ धरायचे. पहिल्या दिवशी वीस आकडे मोजेपर्यंत पोट थरथरते, महिन्याअखेर साठ होतात. शिवाय सायकलच्या जुन्या ट्यूबची पट्टी खिडकीच्या गजाला बांधायची आणि पाठीच्या बळाने ओढायची. डाव्या हाताने जितकी, उजव्याने तितकीच, नाहीतर पाठ एका बाजूला ओढली जाते. ही पट्टी मीही ओढते. दळणाचा डबा उचलताना माझी मान धरत असे, ती धरायची थांबली. औषधाला पैसा लागला नाही.

दुसऱ्या महिन्यात हलके धनुष्य. आपल्या शाळकरी मुली बहुधा बांबूच्या धनुष्याने सुरुवात करतात. त्या प्रकारात ३० आणि ५० मीटर अंतरे असतात. पण या महिन्यात अंतर नाही आणि गुणही नाहीत. चार पावलांवर गवताची पाटी, तिच्यावर कागदही लावायचा नाही. नुसती ओढण्याची, थांबण्याची आणि सोडण्याची रीत अंगात मुरू द्यायची. एक गोष्ट घरातल्या लहान मुलांनाही बजावून ठेवावी: बाण न लावता ओढलेली दोरी कधी सोडू नये. ते सगळे बळ धनुष्यातच फिरते, धनुष्य तडकते आणि माणसालाही लागते. आणि बाण लावलेले धनुष्य लक्ष्यावाचून दुसरीकडे वळवायचे नाही, थट्टेतसुद्धा नाही.

तिसऱ्या महिन्यात बाणांची संख्या वाढते आणि ओढीचे वजन थोडे चढते, एकदम नाही. ओळखायची खूण सोपी आहे. दोरी पुरती ओढून शांतपणे पाच आकडे मोजता आले नाहीत, तर धनुष्य जड आहे. दुसऱ्याची पोरगी जड धनुष्य ओढते म्हणून आपल्या पोरीने ओढू नये. दुखण्याचीही पारख शिकावी लागते. मांड्या-पाठ भरून आल्या, दोन दिवसांत मोकळ्या झाल्या, तर ते घडण्याचे दुखणे. खांद्याच्या सांध्यात, कोपरात टोचल्यासारखी कळ आली तर थांबायचे आणि डॉक्टरांना दाखवायचे. तेथे जिद्द कामाची नाही.

चौथा महिना स्पर्धेसारखा. त्याच वेळेला उठणे, तितकेच बाण, तेच कपडे, आणि बाजूला कुणीतरी मुद्दाम बोलत उभे. हे शेवटचे काम मी आवडीने करते. शेवटच्या आठवड्यात मेहनत कमी करून झोप वाढवायची. आणि चारही महिने आठवड्यातून एक दिवस पूर्ण सुट्टी. अंग घडते ते झोपेत.

आणखी एक गोष्ट, बायकांतच बोलते म्हणून. महिन्याच्या त्या चार दिवसांत व्यायाम केला तर अपाय होतो, ही समजूत खरी नाही. फार दुखत असेल तर मुलीने पडून राहावे, बरे वाटत असेल तर हलके चालावे-करावे. ठरवायचे तिने, आपण नव्हे.

आता मी मुख्य गोष्टीकडे येते. भाची आली त्या वर्षी पहिल्या महिन्यातच तिला मैदानावर घेरी येऊ लागली. रक्त तपासले तर हिमोग्लोबिन ९.४ निघाले. मुलींचे आणि बायकांचे निदान १२ हवे. तिच्या घरी खाण्यापिण्याला तोटा नाही, चांगले शेतीवाडीचे घर आहे. पण घरोघरी जी रीत, तीच तेथेही: आधी पुरुषमाणसे, मग मुलगे, मग बायका, आणि पातेल्याच्या तळाशी उरेल ते मुलींचे. हे एका घरचे गाऱ्हाणे नाही. सरकारने २०१९ ते २०२१ या काळात देशभर पाहणी केली, तेव्हा १५ ते ४९ वर्षांच्या दर १०० बायकांत ५७ जणींचे रक्त कमी आढळले. पंधरा ते एकोणीस वर्षांच्या मुलींत तर ५९. येथे आपण साठ-सत्तर जणी बसलो आहोत. हिशेब तुम्हीच करा.

डॉक्टरांनी लोहाच्या गोळ्या दिल्या, त्या तिने नेमाने घेतल्या. शाळेतून आठवड्याला एक निळी गोळी मिळते, तीही मुली पुष्कळदा खिडकीबाहेर टाकतात, ती घ्यावी. बाकीचे मी स्वयंपाकघरात केले. दोन्ही वेळा तुरीचे घट्ट वरण, आमटीचे पाणी नव्हे. मोड आलेली मटकी किंवा हरभरा. मैदानावरून आल्याबरोबर मूठभर फुटाणे-शेंगदाणे आणि गूळ. पालेभाजीवर लिंबू पिळायचे, त्याने भाजीतले लोह अंगी लागते. जेवणाबरोबर चहा नाही, कारण चहा ते अंगी लागू देत नाही, तासाभराने प्यावा. चालते त्या घरी रोज एक अंडे, नाही चालत तेथे दूध-दही. यातली एकही वस्तू बाहेरून मागवावी लागत नाही. पाच महिन्यांनी पुन्हा तपासले तेव्हा आकडा १२.१ होता. धनुष्य तेच, पोरगी तीच, पण आता साठावा बाण तिला भारी होईना.

तिच्या येण्यावर शेजारीपाजारी बरेच बोलले गेले. एक आजी मला ओट्यावर म्हणाल्या, "पोरीच्या जातीले हे काहून वं? खांदे रुंद झाले तं लगन जुयन का तिचं?" मी म्हटले, "आजी, तुमी तीन-तीन गुंड पानी डोक्यावर आनत होत्या, तवा तुमच्या खांद्याचं कोनी इचारलं का?" आजी हसल्या. आता त्याच आजी तिच्यासाठी शेंगदाणे भाजून ठेवतात.

अशा बोलण्याला उत्तर म्हणून मी दुसऱ्या मुलींची नावे सांगत असते. साताऱ्याची अदिती स्वामी शिक्षकाच्या घरची. २०२३ च्या ऑगस्टमध्ये, सतराव्या वर्षी, ती बर्लिनला जगज्जेती झाली. अंतिम सामन्यात १५० पैकी १४९ गुण. रांचीची दीपिका कुमारी २०२२ च्या डिसेंबरात आई झाली आणि २०२४ च्या एप्रिलमध्ये शांघायच्या विश्वचषकात तिने रौप्यपदक मिळविले. बाळंतपणानंतर बाईचे अंग संपले म्हणणाऱ्यांनी हे लक्षात ठेवावे. जम्मूकडच्या किश्तवाडची शीतल देवी हिला जन्मतः हात नाहीत. ती पायाने धनुष्य धरते, खांद्याने आणि जबड्याने बाण सोडते, आणि पॅरिसच्या २०२४ च्या पॅरालिंपिकमध्ये राकेश कुमार यांच्याबरोबर तिने कांस्यपदक जिंकले. अंग कसे असावे याचा एकच साचा नाही, हे त्या मुलीने दाखविले.

आणि आपल्या गावाने तर याची लाज का बाळगावी? वैद्य बंधूंनी १९१४ साली येथे हनुमान आखाडा काढला, त्याचेच पुढे हनुमान व्यायाम प्रसारक मंडळ झाले. तेथली मंडळी १९३६ साली बर्लिनच्या ऑलिंपिकच्या वेळी जाऊन कबड्डीसारखे आपले खेळ जगाला दाखवून आली. त्याच बर्लिनमध्ये सत्याऐंशी वर्षांनी एक मराठी मुलगी जगज्जेती झाली, याचे मला फार नवल वाटते. टोकियो ऑलिंपिकमध्ये २०२१ साली खेळलेला प्रवीण जाधव सातारा जिल्ह्यातल्या सरडे गावचा, मजुराच्या घरचा. तो आधी धावत असे, मग धनुर्विद्येकडे वळला आणि आपल्या अमरावतीच्या क्रीडा प्रबोधिनीत शिकला. दूरच्या खेड्यातला मुलगा येथे येऊन शिकतो, आणि आपल्या गल्लीतल्या मुली गॅलरीतून पाहतात.

भाचीचे घरी असे ठरले होते की दहावी झाली की तिला अकोल्याला परत न्यायचे. मागच्या वर्षी अकोल्यालाच स्पर्धा होती. तिचे आईवडील पहिल्यांदा पाहायला आले. नंबर आला नाही, हे मी स्पष्ट सांगते. तिच्याहून सरस मुली होत्या. पण दुपारच्या उन्हात आजूबाजूच्या पोरींचे हात थरथरू लागले, तेव्हा हिचे शेवटचे बाण पहिल्या बाणांसारखेच गेले. माझे मेहुणे बोलके नाहीत. परतताना त्यांनी तिची धनुष्याची पेटी उचलून पाहिली, वजन घेतले आणि बहिणीला एवढेच म्हणाले, "राहू दे तिले आनखी दोन वर्सं." मला त्या दिवशी पदकाहून जास्त मिळाले.

म्हणून मंडळापुढे माझ्या दोन सूचना आहेत. पहिली, मंगळवारी आणि शनिवारी संध्याकाळी सहा ते सात हे सभागृह रिकामे असते. तो तास गल्लीतल्या मुलींना आणि आपल्याला व्यायामासाठी मोकळा ठेवावा. खर्च नाही, चटया आहेत, सायकलच्या ट्यूबा मी आणते. दुसरी सूचना ठरावाने होणारी नाही, ती घरी जाऊन करायची आहे. आज रात्री ताटे वाढताना वाढत्या मुलीचे ताट भावाच्या ताटाबरोबर वाढा, आणि वरणाची पळी पातेल्याच्या तळापर्यंत घाला. सगळ्याच मुली धनुष्य उचलणार नाहीत. पण आयुष्यात प्रत्येकीला काही ना काही उचलावे लागतेच, आणि ते उचलण्याआधीची तयारी आपल्या हातात आहे.